भाडं कमी, रतीब दोन लिटर

"ताई, तुमी आणलेली माणसं आमच्या घरचं दूध पीत न्हाईत."

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या एका मुलीला, तिच्या वाट्याला अर्धंच कपाट का येतं, ते समजावत होते. फोनवर आबा होते. बारामतीत जळोचीच्या बाजूला, गावाची हद्द संपून ऊस सुरू होतो तिथं, त्यांनी गोठ्याला लागून सहा खोल्या बांधल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत महिन्यापूर्वी मी एक कुटुंब बसवलं होतं.

"कोण पीत नाही, आबा?"

"ते गुरुजी. रतीब घेत्यात आन् शेजारच्या खोलीत देऊन टाकत्यात. आमच्या घरचं चालत नसंल तर तसं तोंडावर सांगायचं. तुमी आजच हितं या."

फोन ठेवला आणि स्कूटीची किल्ली घेतली. गुरुजी दूध का पीत नाहीत ते मला माहीत होतं. आबांना ते कळू नये, ही व्यवस्था मीच केली होती.

मी भाड्याची घरं मिळवून देते. एसटी स्टँडजवळ माझ्या नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यात एक टेबल माझं. वीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलींना खोल्या शोधून देता देता हा धंदा सुरू झाला. मुली मला काकू म्हणतात, घरमालक ताई म्हणतात. नवरा म्हणतो, हिला लोकांची घरं लावण्यातून स्वतःच्या घरात बसायला सवड नाही.

वंदनाला तीन वर्षांपूर्वी मीच कॉट मिळवून दिली होती. कॉट म्हणजे एका खोलीत चार खाटा आणि प्रत्येक खाटेचं भाडं वेगळं. ती इंदापूर तालुक्यातल्या बावड्याची, इथं एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आई नाही. वडील, म्हणजेच हे गुरुजी, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले शिक्षक, गावी एकटे. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे चार-चार तास मशीनला जोडून रक्त साफ करून घ्यायचं. नंबर लागला तो बारामतीच्या हॉस्पिटलात. बावड्याहून इंदापूर, इंदापूरला एसटी बदलून बारामती, चार तास मशीनवर आणि मग परत तोच रस्ता.

"काकू, नाना तीनदा येतच नाहीत," वंदना म्हणाली. "दोनदाच येतात. तिसऱ्या दिवशी म्हणतात, आज एसटीच चुकली. मागच्या आठवड्यात अंगभर सूज आली, श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस नाहीत."

वंदना रडणाऱ्यातली नाही. हे सांगून झाल्यावर मात्र ती बराच वेळ झेरॉक्स मशीनकडे तोंड करून उभी राहिली.

तिला नानांना इथंच राहायला आणायचं होतं. तळमजला हवा, दारापर्यंत रिक्षा यायला हवी आणि भाडं तिच्या पगारात बसायला हवं. मला वाटलं, आठवड्यात काम होईल.

लोकांना वाटतं, लहान शहरात स्वस्त घर पटकन मिळतं. तसं नाही. हॉस्पिटलच्या जवळ, भिगवण रोडकडे, फ्लॅटची भाडी वंदनाच्या पगाराला झेपणारी नव्हती. जुन्या गावात खोल्या स्वस्त, पण वर माडीवर, आणि जिना असा उभा की चांगला माणूससुद्धा दोर धरून चढतो. कॉलेजच्या आसपासच्या कॉलन्यांत घरं चांगली आहेत, पण तिथं मालकाला कॉटची चटक लागलेली. चार पोरं ठेवली की एका कुटुंबाच्या दुप्पट सुटतात, मग तो कुटुंब कशाला ठेवील. आता ती चटक निम्म्या मालकांना मीच लावली, हेही इथं कबूल करते.

त्यातून जी घरं उरली, त्यांच्या मालकांना मी फोन लावले. आमच्या धंद्याची एक रीत आहे. भाडेकरू घेऊन जायच्या आधी मालकाला फोनवर माणसांची माहिती द्यायची, म्हणजे कोणाची फेरी फुकट जात नाही. माणसं किती, नोकरी कुठं आणि आडनाव काय. वंदनाचं घर बौद्ध. आडनाव सांगितलं की पलीकडचा आवाज बदलायचा. एकाला अचानक आठवलं की त्याची मेव्हणी राहायला येणार आहे. दुसऱ्यानं विचारलं, "व्हेज हायेत का?" आणि हो म्हटल्यावरही नंतर कळवतो म्हणाला. तिघांनी पुन्हा फोन उचलला नाही. वीस वर्षं मी ही आडनावं फोनवर पोचवत आले आणि त्याला सर्व्हिस म्हणत आले. वंदनाच्या वेळी पहिल्यांदा त्याची लाज वाटली. मुलगी समोर बसून माझं प्रत्येक 'बरं, बरं' ऐकत होती.

जे दोघं आडनावाला अडले नाहीत, ते आजाराला अडले. "ताई, घरात काय झालं बिलं तर मागनं खोली कोण घेनार?"

मग मी शहाणपणा केला. वंदनाला म्हटलं, "पुढच्या ठिकाणी आजाराचं बोलायचं नाही. नानांना तपासणीसाठी जावं लागतं, एवढंच."

"नाना खोटं बोलत नाहीत, काकू."

"बोलू नकोस म्हटलं, खोटं बोल म्हटलं नाही."

आबांना फोन केला. आडनाव सांगितलं, बौद्ध आहेत तेही सांगितलं. आबा थोडं थांबले.

"असूद्या. दूध घेतील ना?"

आबांच्या खोल्यांचं भाडं बाजारापेक्षा बरंच कमी आहे, त्याचं कारण हे. डेअरीवाले दुधातलं फॅट मोजून भाव पाडतात. खोलीत राहणारा माणूस दारात रोख भावानं घेतो. म्हणून आबांची अट: प्रत्येक खोलीनं दोन लिटरचा रतीब लावायचा. खोल्या त्यांनी खरं म्हणजे दुधासाठी बांधल्यात. आमच्याकडे शहराच्या कडेनं अशी बरीच घरं आहेत, आणि स्वस्तातलं घर शोधताना मालकाच्या गोठ्यात किती म्हशी आहेत हेही बघावं लागतं.

"घेतील की," मी म्हटलं. दोन माणसांना दोन लिटर जास्त होतं, हे कळत होतं. डायलिसिसच्या पेशंटला पाणीसुद्धा मोजून देतात आणि दूध जवळपास बंद असतं, हे मात्र मला वंदनानं नंतर सांगितलं. तोवर टेम्पोतून सामान उतरलं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, होईल काहीतरी.

झालं ते असं. वंदना चहापुरतं ठेवून बाकीचं दूध शेजारच्या खोलीत द्यायला लागली. त्यांची दोन लहान पोरं. त्या बाईनं सरळ हिशोब केला आणि आपला रतीब दोनावरून एकावर आणला. आबांनी चौकशी केली. बाई म्हणाली, गुरुजींकडनं येतं, ते पीत न्हाईत.

मी स्कूटीवरून पोचले तेव्हा आबा गोठ्यासमोर खाटेवर बसले होते. गुरुजी खोलीच्या दारात खुर्चीवर. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं, चेहरा उतरलेला. वंदना कामावर गेली होती.

"इचारा त्यांना," आबा म्हणाले. "महिनाभर माझ्या हातनं दूध घेत्यात. मी म्हातारा मानूस पहाटं उठून धार काढतो. चालत नसंल तर घेऊ नये. दुसऱ्याला वाटून माझी शोभा करायची का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "बाई, तुम्ही थांबा."

ते हळूहळू उठले आणि शर्टाची बाही वर केली. मशीनच्या सुया टोचून टोचून हात निळा पडलेला, वर पट्टी.

"आबा, माझ्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा रक्त साफ करून घेतो. दूध मला विषासारखं आहे."

आबा त्या हाताकडे बघत राहिले. "मग पयल्या दिवशीच न्हाय का सांगायचं?"

"सांगणार होतो. तुम्ही तांब्या घेऊन दारात आलात आणि माझ्या हातात दिलात." गुरुजी पुन्हा खुर्चीवर बसले. "लहानपणी आम्हाला दूध मिळायचं ते लांबून. आम्ही भांडं खाली ठेवायचं, मागं सरायचं, मग वरून ओतायचे. भांड्याला भांडं लागू द्यायचे नाहीत. मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, पण कोणी असं घरचं दूध दारात आणून हातात दिलं नव्हतं. तुम्हाला नको कसं म्हणू? त्या रात्री वंदनाला म्हणालो, हे घर सोडायचं नाही."

म्हशीनं वैरण ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. माझे डोळे भरून आले. ते मी पदरानं पुसले आणि पुसताना आबांनी बघितलं.

"ताई, तुमाला ठाऊक हुतं?"

"होतं."

"आन् तुमी दाबलं."

"सांगितलं असतं तर खोली दिली असती?"

आबांनी विचार केला. "न्हाय दिली असती," ते म्हणाले. आबांचं हे मला आवडतं, गोड बोलत नाहीत. "आता दिलीया तर दिलीया. आजारी मानसाला उठ म्हनायला मी काय जनावर हाय व्हय? गुरुजी, तुमी ऱ्हावा. दूध बंद."

मी सुटकेचा श्वास घेतला, तो आबांनी पुरा होऊ दिला नाही.

"पन ताई, दोन लिटरचं काय? भाडं त्याच्यावर धरल्यालं हाय. आन् लपीवलं कुनी? तुमी."

गुरुजी भाडं वाढवून द्यायला तयार झाले. वंदनाच्या पगारात ते बसत नव्हतं, हे मला माहीत होतं. भाडं वाढलं असतं तर दोन महिन्यांत ते परत बावड्याला आणि परत त्याच एसटीत. मी म्हटलं, "दूध माझ्याकडे लावा."

तेव्हापासून रोज सकाळी मी स्कूटीला किटली अडकवून आबांच्या गोठ्यावर जाते. दोन लिटर घेते आणि आमच्या दुकानासमोरच्या चहावाल्याला देते. दूध चांगलं आहे, तो खूश आहे. नवरा सगळ्यांना सांगतो, हिनं नवीन एजन्सी घेतली.

गुरुजी आता आठवड्यातून तीनदा जातात, रिक्षानं. अजून एकही खाडा झालेला नाही, सूजही उतरलीय. कधी डायलिसिस नसेल त्या दिवशी आबा चहापुरतं, अगदी अर्धा कप दूध घेऊन त्यांच्या दारात येतात आणि हातात देतात. गुरुजी घेतात. डॉक्टरांनी तेवढ्याला परवानगी दिली आहे, असं गुरुजी म्हणतात. वंदनानं ते अजून डॉक्टरांना विचारलेलं नाही.

मी फोनवर आडनाव सांगायचं बंद केलंय. ज्या मालकाला ते हवं असेल त्यानं भाडेकरूला समोर बसवून स्वतः विचारावं. आजारपण मात्र भाडेकरूची परवानगी घेऊन पहिल्याच फोनवर सांगते. काही जण तिथंच फोन ठेवतात, मग मी पुढचा नंबर लावते. वेळ जातो, पण पावसाळ्यात एका हातानं किटली सांभाळत स्कूटी चालवण्यापेक्षा ते सोपं आहे.