जर्मन केकमधली वेलची

आमच्या आईने स्वयंपाक करताना कधीही चव बघितली नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी चमचा जिभेला लागला की ते उष्टं, आणि आमच्याकडे रोजच्या साध्या वरणाचाही नैवेद्य असायचा. त्यामुळे आमटीत मीठ पडलंय की नाही हे वाफेवरून कळलं पाहिजे, असा तिचा दंडक होता. एकदा मी वाद घातला, "आई, मिठाला कुठे वास असतो?" तर म्हणाली, "मिठाला नसतो गं, आमटीला असतो." आई आता पुण्याला एकटी राहते आणि मी इथे परदेशात, बिशानमध्ये, आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पण रांधते अजून तशीच. नाकाने.

माझं हे नाक घरादाराला नको झालंय. नवरा म्हणतो, तुला पाया लेबारच्या ऑफिसात बसवण्यापेक्षा विमानतळावर सामान हुंगायला बसवायला हवं होतं. बसवा की! कोणाकडे काय शिजतंय हे मी लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या सांगू शकते, आणि नाही सांगता आलं तर मला चैन पडत नाही. चौकशी करून येते.

समोरच्या दारात आंटी राहतात. जर्मन आहेत. इथल्या एका चिनी इंजिनियरशी लग्न करून तरुणपणी आल्या आणि इथल्याच झाल्या. बोलणं जर्मन वळणाचं, पण वाक्याच्या शेवटी इथल्या लोकांचा 'लाह' येतोच. नवरा गेला, त्याच्या अस्थी दोन स्टॉपवरच्या चिनी मंदिरात कलशात ठेवलेल्या आहेत, आणि दर शुक्रवारी त्या फुलं घेऊन तिथे जातात. एकुलता एक मुलगा जर्मनीत नोकरीला गेला तो तिकडेच राहिला.

एका रविवारी सकाळी मी पोहे करत होते आणि करपल्याचा वास आला. आधी माझी कढई बघितली. ती शहाण्यासारखी बसली होती. वास समोरून येत होता. आंटींचं लोखंडी गेट नुसतं लोटलेलं होतं, म्हणून शिरले आत. स्वयंपाकघरात धूर कोंदलेला, ओट्यावर पातेल्याचा कोळसा झालेला, आणि त्या आमच्या बाई दोन हातांवर टेबलाशी, शेगडीकडे पाठ करून शब्दकोडं सोडवत बसलेल्या! मी गॅस बंद केला आणि ओरडलेच, "अहो आंटी, वास येत नाही का तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "नाही."

आदल्या वर्षीच्या तापानंतर त्यांचा वास गेला होता तो परत आलाच नव्हता. गोड, खारट, आंबट एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं पुठ्ठा. कॉफी म्हणजे गरम कडू पाणी. मुलाला त्यांनी सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही अर्धंच सांगितलं होतं. मलाही शपथ घातली. पण धूर काय कोणाची शपथ पाळतो? तो अख्ख्या कॉरिडॉरने बघितला आणि कोणीतरी मुलाला कळवलं.

मुलाचा फोन आला. तो येणार होता, आठवडाभर राहणार होता, आणि आई एकटी राहू शकते की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होता. त्याच्या गावाजवळ वृद्धांसाठी एक चांगली जागा आहे, हेही त्याने सांगून ठेवलं.

"मला न्यायला येतोय तो," आंटी म्हणाल्या. "मी तिकडे जाऊन काय करू? तिथे आता माझं कोण आहे? माझा माणूस इथे आहे." एवढं बोलून त्या उठल्या आणि उगाचच कपाटातल्या बशा खालीवर करत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

आणि सगळं येऊन अडलं होतं एका केकवर.

मुलगा आला की त्या एक केक करायच्या. त्यांच्या आईचा, चॉकलेटचा, रेड वाइन घातलेला. तो लिफ्टमधूनच वास घेत यायचा. केक केला नाही तर त्याला शंका येणार, आणि बिघडला तर खात्रीच पटणार. केक तयार झाला हे घड्याळ सांगत नाही, वास सांगतो, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. म्हणजे बघा, दोन टोकांच्या दोन बायका, आणि शिकवण एकच!

"तुझं नाक मला एका दिवसासाठी दे," त्या म्हणाल्या.

लपवाछपवीत मदत करावी की नाही हा विचार मनात आला, नाही असं नाही. पण खरं सांगते, त्याच्या आधी दुसरा विचार आला. दारू घातलेल्या केकचा वास कसा येत असेल?

मुलगा यायच्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि सकाळीच त्यांच्याकडे गेले. वाइनची बाटली मी जन्मात एवढ्या जवळून बघितली नव्हती. प्रश्नांची सरबत्ती लावली. केकने चढते का? लहान मुलांना देतात का? मुळात घालायचीच कशाला? आंटी हसायला लागल्या. म्हणाल्या, रविवारच्या जेवणाला बाटली उघडायची, ती संपायची नाही, आणि उरलेली ओतून टाकायला माझी आई काय वेडी होती? हात्तिच्या! म्हणजे आमचा फोडणीचा भातच की. माझी भीड चेपली ती तिथे.

बाटली उघडून त्यांनी माझ्या नाकाखाली धरली. "सांग."

आणि माझी पंचाईत झाली. वास घेता येतो, पण सांगायचा कसा? इंग्रजीत माझ्याकडे चांगला आणि वाईट, एवढेच दोन वास आहेत. मग सरळ मराठीत सुरू केलं आणि हातवारे करून अर्थ सांगितला. आंबूस आहे. जरा उग्र. खाली कुठेतरी पिकलेलं जांभूळ आणि पावसात भिजलेलं लाकूड. आंटी डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "हो. तीच."

लोणी इथल्या उकाड्यात बघता बघता मऊ पडतं. ते साखरेबरोबर फेसलं, अंडी एकेक करून घातली, मैदा, कोको आणि किसलेलं चॉकलेट घातलं, मग वाइन. दालचिनीची पाळी आली तेव्हा त्यांनी बरणी पुढे केली. मी हुंगली आणि म्हटलं, "आंटी, ही दालचिनी नाही, ही माती आहे." वास येत नसल्यामुळे ती कधी मेली हे त्यांना कळलंच नव्हतं. मी धावत घरून माझा मसाल्याचा डबा घेऊन आले. ताजी दालचिनी घातली.

आंटी पाठमोऱ्या होऊन साच्याला लोणी लावत होत्या. मी मिश्रणावर वाकले. सगळं होतं, कोको होता, दालचिनी होती, वाइन मागून डोकावत होती. तरी काहीतरी बोडकं वाटत होतं. आणि माझ्या हाताने, माझ्या डोक्याला न विचारता, डब्यातल्या छोट्या वाटीतली वेलची-जायफळाची पूड चिमटीने उचलून त्यात टाकली. शिऱ्यात टाकतो, खिरीत टाकतो, पुरणात टाकतो. गोडाचं झालं की हात तिकडे जातोच, त्यात विचार कसला करायचा? मी ढवळलं. आता कसा वास सुटला!

"झालं?" आंटींनी विचारलं.

"आता अगदी बरोबर," मी म्हटलं.

केक ओव्हनमध्ये गेला आणि आम्ही दोघी समोर स्टुलावर बसलो. मी धावतं वर्णन करत होते. आधी अंड्याचा वास, मग ओल्या कोकोचा, मग लोणी कढतंय. आता खमंग. आंटींनी तो शब्द दोनतीनदा घोळवून पाठ केला. मी म्हटलं, खमंग म्हणजे काढायचा, करपट म्हणजे उशीर झाला. त्या म्हणाल्या, करपट मला माहीत आहे, ते पातेलं झालं होतं तेच ना?

मी काढा म्हटलं, त्यांनी काढला. चांगला फुगलेला, कडेने सुटलेला. साखर आणि वाइनचा पातळ लेप त्यावर ओतत होतो तेवढ्यात माझी लेक शाळेतून आली आणि गेटमधून ओरडली, "आई, लिफ्टपर्यंत श्रीखंडाचा वास येतोय, व्हाय लाह?"

मी डब्यातल्या वेलचीच्या वाटीकडे बघितलं.

आंटींकडे बघितलं. त्या केकभोवतीची ताटली पुसत होत्या, खुशीत होत्या. सांगायला तोंड उघडलं आणि दारात टॅक्सीतून उतरलेला मुलगा उभा! माझ्याच वयाचा, उंच, केस पिकलेला. त्याने आईला मिठी मारली, मग मान वर करून वास घेतला आणि क्षणभर थांबला. मी तेव्हाच घरी पळायला हवं होतं. पण आंटींनी माझा हात धरून बसवलं.

त्याने पहिला घास खाल्ला. चावत राहिला. "छान आहे, मम्मी. काही नवीन घातलंस?"

"नाही. नेहमीचाच."

"तू खाऊन बघ ना."

आंटींनी घास घेतला, सावकाश चावला आणि हसून म्हणाल्या, "अगदी माझ्या आईसारखा."

त्याने काटा खाली ठेवला. आईकडे नुसता बघत राहिला, आणि मला कळलं की याला कळलं. धरणीमाय पोटात घे असं झालं मला. शेवटी मीच ओरडले, "वेलची मी घातली! त्यांनी नाही, मी. आमच्याकडे घालतात!"

"काय घातलंस?" आंटींनी विचारलं. मग त्यांनी उरलेला तुकडा उचलला, नाकापाशी नेला, परत ठेवला. "मला काहीच कळलं नाही," त्या मुलाला म्हणाल्या. "वर्ष झालं. कशाचाच वास येत नाही. आता तू मला नेणार. पण मी येणार नाही, सांगून ठेवते. बापाला तुझ्या एकटं टाकून मी येणार नाही." आणि त्या रडायला लागल्या. एवढ्या ताठ बाई, मी त्यांना नवरा गेला तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. मुलगा उठून त्यांच्याजवळ खाली बसला. मी दार लोटून घरी आले आणि स्वतःवर इतकी चिडले की रात्री नवऱ्याच्या डब्यातली साधी काकडीही धड चिरली नाही.

दोन दिवस समोरचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी तो मला लिफ्टपाशी भेटला. मी माफी मागायला लागले तर हात हलवून म्हणाला, नको. मग विचारलं, "हिच्या जागी तुमची आई असती तर तुम्ही काय केलं असतंत?"

"माझी आई एकटीच राहते. पुण्याला."

"तिचं कोण बघतं?"

"तिला काय बघायचंय?" मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं. "ठणठणीत आहे ती." लिफ्ट आली, मी आत शिरले.

जायच्या आधी त्याने आईचा गॅस काढून टाकला आणि विजेची शेगडी बसवली, आपोआप बंद होणारी. स्वयंपाकघराच्या छताला धुराची घंटा लावली. मग आमच्या दारात येऊन आईच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "ती राहते म्हणतेय. राहू दे. तुम्ही रोज एकदा डोकावाल?" मी मान हलवली. उरलेला अर्धा केक तो फॉइलमध्ये गुंडाळून जर्मनीला घेऊन गेला. पुढच्या वेळी वेलची थोडी कमी, म्हणाला.

आता आंटी रोज सकाळी आमची बेल वाजवतात, हातात पातेलं किंवा दुधाची बाटली असते, आणि विचारतात, "खमंग?" मी वास घेऊन सांगते.

पण त्या दिवशी, किल्ली हातात आली तेव्हा, मी ती मुठीत धरून किती तरी वेळ उभी होते. मग पुण्याला फोन लावला. आईने नेहमीसारखं सगळं मजेत असल्याचं सांगितलं. फोनवरून काही वास येत नव्हता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुझ्या घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन ठेवतेस का?"



"दिलीय गं," म्हणाली. "गणपतीतच दिली."

"का? काय झालं होतं?"

"काही नाही. असंच. तू जेवलीस का?"