शुक्रवारची भोवळ

सासू आपल्या पाया पडली असं सांगणारी बाई मला अजून भेटायची आहे. माझी मात्र पडली. गिरणीच्या आवारात, जेवणाच्या सुट्टीत, दहा-बारा बायांच्या देखत. मी जमिनीवर आडवी होते, वरचं पत्र्याचं छप्पर गरागरा फिरत होतं, आणि जिनं मला तोवर कधी ताजी भाकरी वाढली नव्हती ती माझ्या पायांवर कपाळ टेकून म्हणत होती, "आई, काय चुकलं आमचं? तुमी सांगा."

तेव्हा मी विशीची असेन. सोलापुरात सुताच्या लडी रिळांवर गुंडाळायच्या खात्यात आम्ही सासू-सुना दोघी कामाला होतो. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. यंत्रांचा गोंगाट एवढा, की घरी आल्यावरही कानात घोंघावत राही. म्हणून नव्या बाईला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली जाई: कापसाचा बोळा वळायचा, तेलात बुडवायचा आणि कानात सारायचा. संध्याकाळी काढायचा. मला हे आत्याबाईंनीच शिकवलं. वर्षभरात डाव्या कानानं थोडं कमी ऐकू यायला लागलं, पण गिरणीत ऐकायचं काय असतं? सगळा कारभार हातवाऱ्यांवर.

पहिल्यांदा भोवळ आली तेव्हा सगळ्या बायांनी एकमेकींकडे बघून हसून घेतलं. मलाही वाटलं, दिवस गेले असतील. तसं काही नव्हतं. मग वैद्यांनी पित्त ठरवून महिनाभर आवळा चारला. एका कंपाउंडरनं लाल औषधाची बाटली दिली. भोवळ काही हटेना. उभ्या उभ्या जमीन पायाखालून निघून जाई, ओकारी येई, डोळे मिटले तरी फिरणं थांबत नसे. आणि एक दिवस आत्याबाईंच्या ध्यानात आलं, की ही भोवळ येते ती नेमकी शुक्रवारी. देवीचा वार.

झालं. माझं दळण सुटलं. माझ्या ताटात तूप आलं. मला 'अगं, ए' म्हणणारी सासू 'तुमी' म्हणू लागली. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मला मजा वाटली. पण भीतीही वाटे. भोवळ आली, की खरंच कुणीतरी मला धरून फिरवतंय असं वाटे. एवढी ताकद माझ्या अंगात कुठून येणार? आई असेलच, असं मलाही वाटायला लागलं.

शुक्रवार पेठेत एक आराधीण राहत असे. तिनं माझ्या कपाळाला हळद लावली आणि सांगितलं, "हाक आलीया. येत्या पुनवेला माळ घाला." कवड्यांची माळ गळ्यात, परडी हातात, मंगळवार-शुक्रवार पाच घरी जोगवा. आणि एकदा घातलेली माळ मरेपर्यंत उतरत नाही. अशा बाईला लोक मान देतात. पण तिची थट्टा कुणी करत नाही, तिच्याशी कडाकडा भांडत नाही, नवरासुद्धा चार हात लांबून बोलतो. मला तर भांडल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. आत्याबाईंनी स्वतः बसून माळ ओवली. ती ओवताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि मी त्यांना एकेक कवडी हातात देत होते.

मधेच पाण्याची टंचाई झाली. नळाला कळशीभर पाणी मिळायची मारामार. दोन शुक्रवार डोक्यावरून न्हाणं चुकलं. त्या दोन्ही शुक्रवारी भोवळही आली नाही. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण होतं, पण डोक्यात उजेड पडला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आई रुसली. आता उशीर नगं."

तेव्हा आमचे मालक, म्हणजे नवरा, पहिल्यांदा बोलले. मागावर काम करणारा अबोल माणूस, आत्याबाईंपुढे कधी तोंड न उघडलेला. "माळ घाल की. पर आदी एकदा डागदरला दाखवू. मुंबैवरनं शिकून आलाय म्हनं."

डॉक्टर तरुण होते. कपाळावर मधोमध भोक असलेला गोल आरसा बांधलेला. त्यांनी मला काय होतं ते विचारलं आणि मग कुणीच न विचारलेलं विचारलं, "कधी होतं?"

"सुक्करवारी," आत्याबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "आईचा वार हाय."

"शुक्रवारी सकाळी उठल्यापासून काय काय करता?"

आत्याबाईंनी सगळं सांगितलं. डोक्यावरून न्हाणं. त्याआधी तेल. "मीच घालते. कोमट करून दोनी कानांत. मग वरनं पानी."

डॉक्टर उठले. आरशातला उजेड माझ्या डाव्या कानात सोडून बराच वेळ बघत राहिले. मग मोठ्या पिचकारीनं कोमट पाणी मारलं, पुन्हा मारलं, चिमटा घातला, आणि बशीत काळं, वाटाण्याएवढं काहीतरी टाकलं. कापसाचा जुना बोळा. कधीतरी आत राहून गेलेला, मळ-तेलात मुरलेला. दर शुक्रवारी तेलपाणी पिऊन फुगायचा आणि आतल्या पडद्यावर दाबून बसायचा.

"आता बघा," डॉक्टर म्हणाले. "मी थोडं गार पाणी घालतो. खोली फिरेल. दोन मिनिटांत थांबेल. घाबरू नका."

गार पाणी आत गेलं आणि भिंत पळायला लागली. तीच भोवळ. तीच ताकद. माझे डोळे आपोआप हलताना बघून आत्याबाईंनी हात जोडले. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. हळूहळू भिंत जागेवर आली.

"कानाच्या आत वाकड्या नळ्या असतात," ते म्हणाले. "त्यात थेंब-थेंब पाणी असतं. त्याच्या जोरावर आपण उभे राहतो. ते ढवळलं, की जमीन फिरते."

मी थक्क झाले. आजही होते. माणूस आपल्या पायांवर उभा असतो असं मी समजत होते. तो उभा असतो कधी न दिसलेल्या थेंबभर पाण्यावर. देवीनं मला धरून फिरवलं नव्हतं, पण जन्मापासून कुणीतरी मला धरून उभं केलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. माझेही हात जोडले गेले.

आत्याबाई बशीकडे बघत होत्या. "म्हंजी मीच की," त्या म्हणाल्या. "मीच घालत हुते."

"तुम्हाला आतलं कसं दिसणार?" डॉक्टर म्हणाले. घरी येऊन आत्याबाईंनी माळ देवीच्या तसबिरीला घातली.

पुढच्या शुक्रवारी न्हाणीत मी पाटावर बसले. तेलाची वाटी सवयीनं माझ्या कानाशी आली आणि थांबली. आत्याबाईंनी ती खाली ठेवली. एका तळव्यानं माझा डावा कान घट्ट झाकला, दुसऱ्या हातानं तांब्या उचलला.

"मान खाली कर की गं," त्या खेकसल्या. "म्हशीवानी ताठ बसलीया."

'तुमी' गेलं होतं. मी मान खाली घातली आणि पाण्याखाली पोटभर रडून घेतलं.