उठून बसायची रीत

आजाऱ्याला बघायला येणाऱ्यांइतकी धडधाकट जमात मी दुसरी पाहिली नाही. नवरा आजारी पडला तेव्हा वरवंडजवळच्या आमच्या वस्तीवर ती रोज यायची, चहा प्यायची आणि जाताना निदान करून जायची.

नवरा कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. बसला किंवा उभा राहिला की त्याला धाप लागायची, ओठ निळे पडायचे. आडवा झाला की दम जाग्यावर यायचा. पण दमेकरी रात्र बसून काढतो हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा निजल्यावर बरं वाटणारा माणूस ढोंगीच ठरला. आधी कंपनीतल्या गॅसवर चर्चा झाली, मग कामचुकारपणावर एकमत झालं. दौंडच्या डॉक्टरांनी उशांची चळत लावून त्याला बसवलं. त्यानं उशा काढल्या तर आम्हालाच झापलं.

सगळ्यात शहाणे आमचे चुलत सासरे, आप्पा. गावच्या विकास सोसायटीत खुर्ची मिळाल्यापासून त्यांना सगळ्यातलंच कळायला लागलं होतं. वडीलधारं माणूस दारात आलं की आजाऱ्यानंही उठून बसायचं, ही आमच्यातली रीत. आप्पा खाकरत यायचे. नवरा उठून बसायचा आणि धापा टाकत त्यांच्या उसाच्या गप्पा ऐकायचा. एकदा तो बसल्या जागी कलंडला.

"मला बघितलं की ह्याचं नाटक सुरू हुतं," आप्पा म्हणाले.

हा माणूस रीत पाळता पाळता मरणार, अशी भीती मला त्या दिवशी वाटली. एसटीडी बूथवरून भावाला फोन केला. त्यानं जीप आणली. मागच्या बाजूला नवऱ्याला आडवा घातला. पुढच्या सीटवर आप्पा बसलेच. पुण्याच्या डॉक्टरला समजावून सांगायला कुणीतरी हवं ना.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या बोटाला चिमटा लावला. निजलेला असताना रक्तातला ऑक्सिजन ठीक होता, बसवल्यावर भराभर उतरला. मग बाकीच्या तपासण्या झाल्या.

"हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे," त्या म्हणाल्या. "बसलं की अशुद्ध रक्त त्यातून पलीकडं जातं. बुजवता येईल. आडवे राहिले म्हणून निभावलं. यांना सारखं कोण बसवत होतं?"

सासऱ्यांसमोर पदर सावरून खाली बघायचं, हीही रीतच. मी मान वर केली आणि आप्पांकडं बोट दाखवलं. "ह्यांनी."

मला फार बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी वळून बघितलं तसे आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या नातीएवढ्या होत्या.