आई आधी हसायची

नोकरीसाठी अकोल्याहून अमरावतीला आलो, तेव्हा आईनं एकच अट घातली. रात्री साडेआठची आमची विनोदी मालिका दोघांनी मिळूनच पाहायची. ती तिकडे टीव्हीवर, मी इकडे खोलीत लॅपटॉपवर, आणि मध्ये फोन चालू. बाबांना असल्या मालिका म्हणजे पोरखेळ वाटतो. जेवण झालं की ते मोबाईलवर बातम्या लावून आतल्या खोलीत जातात. आणि आईचं म्हणणं, एकट्यानं हसलं तर येड्यासारखं वाटते.

मालिकेत घरातला धाकटा मुलगा होता, एक नंबरचा ऐतखाऊ. रोज सकाळी त्याची आई तांब्या घेऊन यायची, तोंडावर पाणी शिंपडायची आणि हा बोंबलत उठायचा. दर भागात हेच. माझी आई दर भागात तितकीच हसायची आणि वर मला ऐकवायची, हा तुझाच भाऊ दिसतो.

लॅपटॉपवर चित्र टीव्हीपेक्षा जरा मागून यायचं. त्यामुळे आई आधी हसायची, मी मागून. महिनाभर इमानदारीत पाहिलं, मग कंटाळा आला. एकदा मॅच होती. मालिका लावलीच नाही, आईच्या मागोमाग नुसता हसलो. खपून गेलं. मग काय, रोजचंच झालं. हसायला फारच उशीर झाला तर लॅपटॉपच्या नावावर बिल फाडायचं. मनात टोचायचं, नाही असं नाही. पण माझ्या हसण्यानं ती खूश आहे ना, अशी मी स्वतःची समजूत घालायचो.

शेवटच्या भागाच्या दिवशीही मी मॅचच पाहत होतो. तिकडून बराच वेळ काही आवाज येईना. वाटलं, आपलं लक्ष नव्हतं आणि एखादा विनोद हातचा गेला. म्हणून अंदाजानंच हसलो, चांगला खळखळून.

"काहून हसला रे?" आईनं विचारलं.

मी मॅच बंद केली. मग तिनंच सांगितलं. धाकट्याला बाहेरगावी नोकरी लागली होती. त्याची आई नेहमीसारखी तांब्या घेऊन आली, तर अंथरुणाची घडी झालेली. हा अंघोळ करून, बॅग भरून दारात उभा. तो पाया पडून निघून गेला, ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली आणि मालिका संपली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आई, मी पाहतच नव्हतो. आजच नाही, कितीतरी दिवसांपासून.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "म्हनून तर मी मोठ्यानं हसत होती. तुले समजलं पाइजे ना, कुठी हसा लागते ते."

चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन वाजला नाही. मीच लावला. टीव्ही बंदच आहे म्हणाली. मी म्हटलं, दुसरी एखादी मालिका धरू, या वेळी खरंच पाहीन.

"राहू दे बेटा," ती म्हणाली. "तुले काम राहते."

मला त्या वेळी काहीही काम नव्हतं.