हिअरिंगच्या टेबलावरचा नवा कागद

आमच्या पेटंटच्या ऑफिसात केस निकाली निघाली की फाइल माळ्यावर जायची. किस्से मात्र खालीच साठत गेले. नव्वदीच्या अखेरीस मी नाशिकला पाठक वकिलांकडे कारकून होतो. हसू येईल असं यात फारसं नाही, हे आधीच सांगतो.

*

पिंपळगावचा एक फवारणी पंपवाला आमचा अशील होता. त्याच्या पेटंटला विरोध झाला, विरोधकाच्या नोटिशीत दोन मुद्दे. आम्ही मुंबईच्या पेटंट कार्यालयात जाऊन दोन्हींवर तीन तास भांडलो. निकाल विरुद्ध गेला, तोही तिसऱ्याच मुद्द्यावर, जो हिअरिंगमध्ये कुणी काढलाच नव्हता! पंपवाल्याने तो निकाल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"आसंल बरोबर," तो म्हणाला, "पर मला इचारायचं तरी."

*

हा किस्सा आमच्याच पापाचा. एकदा पाठकसाहेब विरोध करणाऱ्यांच्या बाजूने उभे होते. नोटिशीत नसलेला, तसंच यंत्र आधीच छापून आलेला एक जुना कॅटलॉग त्यांनी ऐनवेळी टेबलावर ठेवला. समोरचे म्हातारे गृहस्थ वकील न लावता आलेले. उत्तरासाठी वेळ मागता येतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आम्ही जिंकलो.

परतीच्या गाडीत नेमके तेच समोर बसले आणि त्यांनी डब्यातली पोळी-भाजी आमच्यापुढे केली. साहेबांनी ती खाल्ली. मी मात्र जेवून आलोय म्हणालो, इतकी लाज वाटली. साहेबांनी पुढे विरोधाची केस कधी घेतली नाही.

*

तेव्हापासून साहेब प्रत्येक अशिलाकडून घोकून घ्यायचे, नवा कागद निघाला की तोंड बंद, बोलायचं ते मी बोलेन. एकाने हे इतकं मनावर घेतलं की हिअरिंगला अधिकाऱ्याने नाव विचारलं तरी गप्प!

*

आणि विंचूरचे निवृत्तीअण्णा. कांद्याची लहान-मोठी प्रत वेगळी करणारी मशीन त्यांनी सात वर्षं खपून बनवली होती. एका कंपनीने विरोध केला. पेटंट गेलं तर तीच मशीन कंपनी विकणार, हे अण्णांनाही कळत होतं.

हिअरिंगला कंपनीच्या वकिलाने अचानक बॅगेतून एक फोटो बाहेर काढला. गावच्या जत्रेत मशीन चालू, भोवती माणसं, फोटोच्या पाठीवर तारीख अर्जाच्या वर्षभर आधीची. अर्जाआधी मशीन चारचौघांत चालवली असेल तर पेटंट बुडालंच.

साहेब ताडकन उठले. हा मुद्दा नोटिशीत नाही, फोटो आम्ही आजच पाहतोय, उत्तराला महिनाभर द्या. अधिकाऱ्याला ते पटलं. तो मुदत लिहायला लागला. तेवढ्यात फोटो फिरत फिरत अण्णांच्या हातात आला.

"व्हय साहेब, आमचीच मशीन हाय. जत्रेतच लावली व्हती."

साहेब मटकन खाली बसले. अधिकाऱ्याने पेन ठेवलं आणि विचारलं, आता मुदत कशासाठी हवी?

अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कंपनीच्या वकिलाकडे वळले.

"ही कडंला उभी हाय ना, ती आमची मंडळी. गेल्या साली वारली. हा फोटो मला मिळंल का? तिचा दुसरा नाय आमच्याकडं."