कॅमेरा नेण्याचं कारण

चाकणच्या आमच्या कंपनीत मोबाइल आत नेताना गेटवर त्याच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतात. खरा कॅमेरा वर्षातून एकच दिवस आत जातो, खंडेनवमीला. त्या दिवशी मशिनी धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात आणि प्रत्येक ऑपरेटर आपापल्या मशीनशेजारी उभा राहतो. पंधरा वर्षं मी त्यांचे फोटो काढले.

माझं काम खरेदीचं. हेल्पर म्हणून लागलो आणि धडपडत खरेदी विभागात आलो. पुरवठादार माझ्यासमोर बसायला कचरतात. आवाज कधी चढवायचा आणि गप्प बसून समोरच्याला घाम कधी फोडायचा, हे मला कळतं. एखादा म्हणाला, "साहेब, तोंडी तर वेगळं ठरलं होतं," तर माझं उत्तर ठरलेलं. "कागदावर काय आहे ते दाखव."

कॅमेऱ्याचा नाद नोकरीच्याही आधीचा. पहिला कॅमेरा संत तुकाराम नगरमधल्या बंद पडणाऱ्या एका स्टुडिओतून घासाघीस करून घेतला होता. आताचा चौथा. रविवारी सकाळी निगडीहून स्कूटर काढतो आणि वाट फुटेल तिकडे जातो. पण माझे खरे फोटो खंडेनवमीचेच. वर्षभर तेलकट कपड्यांत वावरणारी माणसं त्या दिवशी केस विंचरून येतात. कॅमेऱ्यासमोर हात कुठं ठेवायचा ते त्यांना कळत नाही. शेवटी तो मशीनवरच जातो.

मागच्या वर्षी कंपनीनं रिसेप्शनची भिंत सजवली. सकाळी आत शिरलो तर समोर मीच काढलेला फोटो, भिंतभर. प्रेस शॉपमधला जुना ऑपरेटर, इथल्याच गावचा, मी हेल्पर असल्यापासून मला ओळखणारा, हार घातलेल्या प्रेसवर हात ठेवून उभा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत एका जाहिरात एजन्सीचं नाव. फोटो मी दरवर्षी कंपनीच्या ग्रुपवर टाकायचो, तिथूनच उचललेला.

एचआरमध्ये गेलो. पैसे मागितले नाहीत. एक ओळ मागितली, माझ्या नावाची. मॅनेजर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं शांतपणे फाइल मागवली आणि माझेच गेटपास पुढे ठेवले. पंधराच्या पंधरा. 'कॅमेरा नेण्याचं कारण' या रकान्यात माझ्याच अक्षरात, 'कंपनीच्या कामासाठी'. खाली माझी सही.

"सर, कंपनीच्या कामासाठी काढलेला फोटो कंपनीचा."

"तसं लिहिल्याशिवाय सिक्युरिटी आत सोडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे!"

"पण कागदावर हे आहे ना, सर."

मी टेबलावर हात आपटला. तिचा चहा सांडला. बरंच बोललो, केबिनबाहेर माणसं जमली. संध्याकाळी माफीचा मेल मलाच लिहावा लागला. तिचं म्हणणं मला आजही मान्य नाही. पण तेव्हापासून आत काहीतरी बधिर झालंय. दात काढताना इंजेक्शन दिलेल्या गालाला हात लावला की तो दुसऱ्याचा वाटतो, तसं. रोज रिसेप्शनवरून जातो. भिंत दिसते, एवढंच.

यंदा खंडेनवमीला मी त्या रकान्यात लिहिलं, 'स्वतःसाठी'. गार्डनं वाचलं.

"साहेब, हे असं चालत नसतंय. नेहमीचं लिहा की."

"नाही लिहिणार."

"मग कॅमेरा इथंच ठेवा."

ठेवला आणि आत गेलो. प्रेस शॉपमध्ये भिंतीवरचा तोच ऑपरेटर नव्या शर्टात उभा होता. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता.

"काय राव, आज हात हलवत आलाय? आमचा फोटू न्हाई व्हय?"

"कॅमेरा गेटवर आहे."

"मग आणा की! पुढच्या साली मी काय हितं असणार हाय? मालकिणीनं मुद्दाम इस्त्री केलीया शर्टाला."

मी तसाच वळलो. गेटवर परत गेलो, नवा पास मागितला, रकान्यात 'कंपनीच्या कामासाठी' लिहिलं आणि सही केली. समोरच्याची अट इतक्या लवकर मी आयुष्यात कधी मान्य केली नव्हती. गार्ड हसला नाही, हे बरं झालं.

सात-आठ फोटो काढले. छताच्या पारदर्शक पत्र्यातून उजेड नेमका त्याच्या मनगटावर येत होता. एक चांगला आला. तो ग्रुपवर टाकला नाही. चिंचवडला जाऊन प्रिंट काढली आणि त्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्या हातात दिली. त्यानं ती लांब धरून पाहिली, मग उलटी केली.

"मागं नाव टाका की तुमचं. घरी इचारतील, कुणी काढला म्हून."

खिशात पेन होता, रोज पुरवठादारांच्या ऑर्डरींवर सह्या करतो तोच. नाव लिहिलं. वाटलं होतं, निदान आता तरी काहीतरी वाटेल. शाई ओली होती म्हणून तो तिच्यावर फुंकर मारत उभा राहिला, आणि मी जेवणाची सुट्टी संपायच्या आत माझ्या जागेवर परत गेलो.