उतारावर बंद केलेले इंजिन

एका बुधवारी तळेगावच्या घाटातून एक मालट्रक उतरला आणि त्याखाली माझा हवालदार मेला. बाकीचे गुन्हे आठवायला मला कागद लागतात. या गुन्ह्याला लागत नाहीत.

हवालदार वळणावर बैलगाड्यांना वाट करून देत होता. तीन वर्षे तो माझ्या ठाण्यात होता. वाचायला माझी पुस्तके न्यायचा.

चालकाला जागेवरच अटक झाली. "ब्रेक लागलाच नाई साहेब," एवढेच तो म्हणे. मोटार निरीक्षकाने पंचांसमोर इंजिन सुरू करून ट्रक चालवून पाहिला. ब्रेक कचकन लागला. आरोपी खोटे बोलतो, असे मी रागाने स्टेशन डायरीत लिहिले.

तिसऱ्या दिवशी लष्करातून निवृत्त झालेला एक फिटर ठाण्यात आला.

"ठाणेदारसाहेब, तो ट्रक मिलिटरीच्या लिलावातला. त्याचा ब्रेक हवेवर चालते. ड्रायव्हरले विचारा, इंजिन चालू होतं का?"

चालकाला कोठडीतून आणून मी तेच विचारले.

"बंद होतं. शेठ म्हणते, उतारावर डिझेल काऊन जाळून राह्यला?"

"ब्रेक किती वेळा दाबला?" फिटरने विचारले.

"दाबत-सोडतच आलो ना साहेब. जुन्या गाडीत तसंच करतो आम्ही."

फिटरने कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा, तिथंच तर मेलं सगळं!"

जुन्या गाड्यांचे ब्रेक तेलावर चालत. पॅडल सैल लागले की दोन-चारदा दाबायचे, दाब भरून येई. हवेच्या ब्रेकचे उलटे. प्रत्येक वेळी दाबताना टाकीतली हवा खर्च होते आणि टाकी भरणारा पंप इंजिनावरच फिरतो. निरीक्षकाने इंजिन सुरू केले तेव्हा टाकी भरली, म्हणून ब्रेक लागला. "आगगाडीची नळी फुटली तर ब्रेक आपोआप लागते," फिटर म्हणाला, "याची हवा गेली का ब्रेकच गेला."

ट्रकच्या मालकाला, त्या शेठला, बोलावले. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "मी कुठं लिहून देलं? ड्रायव्हरले अक्कल नसन तर मी काय करू?"

त्याच्या इतर चालकांनी असा हुकूम कधी ऐकलाच नाही, असे जबाब दिले. सगळे त्याच्याच पगारावर होते. आरोपपत्रात मालकाचे नाव घालण्याइतका पुरावा मला मिळाला नाही. चालकाला कैद झाली.

त्यानंतर अपघाताच्या जबाबात "ब्रेक दाबला का" एवढ्यावर मी थांबलो नाही. गाडी तशी हाकायला कोणी सांगितले, हेही विचारत गेलो. उत्तर मिळे, त्याखाली सही करणारा क्वचित मिळे.

चालक सुटून आल्यावर पुन्हा गाडीवर बसला नाही. मालकाचे ट्रक अजून त्याच घाटातून उतरतात.